पंचवीस हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार

भाच्याचा फोन आला तेव्हा तो दुकानातच उभा होता. "मामा, काळी घेऊ की सनबर्स्ट?"

"ॲम्प कुठला घेतोयस?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "ॲम्प वेगळा घ्यावा लागतो?"

पहिल्या नोकरीच्या पगारातून त्याने पंचवीस हजार बाजूला काढले होते आणि त्यातले तेवीस एका चकचकीत गिटारवर मोजून तो रिक्षात बसणार होता. म्हटलं, आज काहीही न घेता घरी जा, शनिवारी मी येतो. त्या शनिवारी आम्ही काय काय केलं ते इथे क्रमाने मांडतोय. आकडा त्याचा आहे. तुमचा अठरा असेल नाहीतर तीस, क्रम बदलत नाही.

आधी अकूस्टिक शिकायला हवी का?

क्लासवाले बहुधा सांगतात, "आधी अकूस्टिकवर बोटं तयार करा, मग इलेक्ट्रिक." मला हे पटत नाही. तुमच्या कानात जे वाजतंय ते इलेक्ट्रिकचं असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. तिची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार सहसा ०.००९ इंच जाडीची असते, अकूस्टिकची ०.०११ किंवा ०.०१२. शिवाय तारा फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीच्या, जवळ असतात. बोटं कमी सोलवटतात आणि सगळ्यांना रडवणारा एफ कॉर्ड काही आठवडे आधी वाजतो. कट्ट्यावर, सहलीत गाण्याला साथ एवढंच हवं असेल तर मात्र अकूस्टिकच बरी. तिला प्लग शोधत हिंडावं लागत नाही.

पैशांची वाटणी

इलेक्ट्रिक गिटार एकटी घरी येत नाही. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकर, केबल, पट्टा, पिशवी, तारा छेडायची पिक, तारांचा एक जादा सेट हे सगळं तिच्याबरोबर येतं. आणि दुकानदार कधीच सांगत नाही ते म्हणजे सेटअप, अर्थात गिटार नीट लावून घेण्याची मजुरी. माझा हिशेब साधा आहे: एकूण रकमेचे दोन तृतीयांश गिटारला, उरलेले बाकी सगळ्याला. पंचवीसमधले सोळा-सतरा हजार गिटारचे, चार-पाच ॲम्पचे, दीडेक हजार सेटअप आणि तारांचे. बाकीचे केबल नि किरकोळीत कधी जातात ते कळतही नाही. सूर जुळवायच्या ट्यूनरवर खर्च करू नका, फोनवरचं फुकट ॲप सुरुवातीला पुरतं. केबल मात्र अगदी स्वस्त घेऊ नका. पहिली खरखर तिथूनच सुरू होते आणि माणूस गिटारला शिव्या घालत बसतो.

गिटार, ॲम्प, पिशवी, पट्टा सगळं एका खोक्यात अशी पॅकेजेस मिळतात. त्यातला ॲम्प बहुतेक वेळा खेळण्यातला असतो. मी घेत नाही.

परदेशी व्हिडिओंतल्या किमतींवर विसंबू नका. तिथला माणूस दोनशे डॉलरची गिटार दाखवतो आणि आपण मनात रुपयांनी गुणतो. इथे वाहतूक, आयात शुल्क, जीएसटी चढून ती दुकानाच्या भिंतीवर लागते तोवर आकडा पार वेगळा झालेला असतो.

कुठल्या जातीची

दुकानाच्या भिंतीवर चाळीस गिटार दिसतात, पण जाती मोजक्याच. फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरवरून निघालेल्या, गिब्सन कंपनीच्या १९५२ सालच्या लेस पॉलवरून निघालेल्या, आणि मेटलवाल्यांसाठी त्यांचीच टोकदार भावंडं. फरक दिसण्यात आहे तसा आवाजात आणि हातातही आहे.

आवाज ठरतो मुख्यतः पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकी कॉइलवर. स्ट्रॅटोकास्टरमध्ये, म्हणजे स्ट्रॅटमध्ये, सिंगल कॉइल असतात: स्वच्छ, काचेसारखा किणकिणता आवाज, पण विजेची घुंई पकडतात. लेस पॉलमध्ये आज दिसतो तो हंबकर. १९५५ मध्ये गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून ती घुंई मारली, म्हणून नावच 'हम'ला, म्हणजे घुंईला, गप्प बसवणारा. त्याचा आवाज जाड, भरीव, रॉक-मेटलला सोयीचा. पहिल्या गिटारसाठी मला मधला मार्ग आवडतो: पुढे दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा धडावर टेकतात तिथे, एक हंबकर. पाटीवर त्याला एचएसएस लिहितात. पहिलं वर्ष आपल्याला काय आवडतं हेच ठरलेलं नसतं, तेव्हा दोन्ही आवाज हाताशी असलेले बरे.

हातातला फरक लांबीचा. फेंडरची वाजती तार, म्हणजे नेकच्या (मानेच्या) टोकाची खाचा असलेली पट्टी, नट, तिथपासून ब्रिजपर्यंत, साधारण ६४८ मिलिमीटर. गिब्सनची ६२८. दोनेक सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आखूड नेकवर तार सैल लागते आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळ येतात. बोटं लहान असतील तर दोन्ही हातात घेऊन पाहाच. सात-आठ वर्षांच्या पोरासाठी घेत असाल तर आयबानेझची मायक्रो किंवा स्क्वायरची मिनी अशा आखूड गिटार मिळतात. मोठी घेऊन "वाढत्या अंगाची" म्हणून ठेवायला तो शाळेचा युनिफॉर्म नव्हे.

डावखुऱ्यांसाठी मॉडेल्स कमी आणि दुकानात क्वचितच टांगलेली असतात. आधी फोन करून जा.

ब्रिज: इथे मी फसलो होतो

ब्रिज म्हणजे तारा जिथे धडावर टेकतात तो भाग. तो स्थिर असतो, साधा दांडीवाला (दांडी हलवली की सूर हलतो) असतो किंवा दोन्हीकडे कुलपं असलेला फ्लॉइड रोज पद्धतीचा. माझी पहिली इलेक्ट्रिक मी या तिसऱ्या प्रकारची घेतली, कारण पोस्टरवरच्या गिटारवाल्याकडे तसली होती. दुसऱ्याच आठवड्यात तार तुटली. या ब्रिजमध्ये तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ तराजूसारखी तोललेली असते. एक तार गेली की उरलेल्या पाचही बेसूर होतात. नवी तार लावून एक सुरात आणली की दुसरी उतरायची, तिला चढवली की पहिली. संध्याकाळी सहाला बसलो होतो. नऊ वाजता आईने ताट वाढलं तेव्हाही गिटार बेसूर होती आणि ॲलन की, म्हणजे तिचा षटकोनी पाना, सोफ्याखाली हरवली होती.

पहिल्या गिटारला स्थिर ब्रिज घ्या, किंवा स्ट्रॅटसारखा साधा दांडीवाला चालेल. त्याची दांडी काढून पिशवीत टाकायची आणि विसरून जायचं.

नावं

नाव सांगितल्याशिवाय सुटका नाही, म्हणून सांगतो. यामाहाची पॅसिफिका ही मालिका १९९० पासून चालू आहे आणि तिची खालची मॉडेल्स नवख्यांच्या हाती बिनघोर देता येतात. कोर्ट ही कोरियन कंपनी. इतर नावाजलेल्या ब्रँडच्या गिटारही ती बनवत आली आहे, त्यामुळे गिटारच्या डोक्यावरचं नाव साधं असलं तरी हात सराईत. स्क्वायर हे फेंडरचं धाकटं घर, एपिफोन गिब्सनचं. आयबानेझची जिओ मालिका बारीक नेकसाठी प्रसिद्ध. सोळा-सतरा हजारांच्या आसपास यांतलं एखादं तरी खालचं मॉडेल नवं किंवा हलक्या हाताने वापरलेलं मिळतं. भाव हलत राहतात, त्याच दिवशी दोन ठिकाणी विचारा. आणि घाईत पाटी वाचू नका: गिव्हसन ही कोलकात्याची, गिब्सन अमेरिकेतली. एका अक्षराच्या फरकाने आजवर बरीच मंडळी उगाच हरखली आहेत.

मॉडेल ठरवायला मात्र अर्धा तास पुरे. खरी मेहनत नग निवडण्यात आहे. या किमतीत एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटार सारख्या निघतील याची खात्री नसते.

दुकानातली वीस मिनिटं

शक्य असेल तर दुकानात जा. मुंबईत धोबी तलावला वाद्यांच्या दुकानांची जुनी परंपरा आहे. फुर्ताडोस १८६५ पासूनचं, आणि जवळच जेर महालात गोव्यातल्या गावांच्या कूड, म्हणजे मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची उतरण्याची ठिकाणं. त्या मंडळींतले कितीतरी जण मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत. या भागात गिटार हातात घेऊन बघणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र गर्दी असते, म्हणून आम्ही सकाळी दुकान उघडतानाच पोचलो.

भाच्याने तीच काळी मागितली. मी म्हटलं, हीच आणखी एक आहे का? आतून दुसरी आणवली. दोन्ही स्टुलावर बसून, ॲम्पला न जोडता तपासल्या. न जोडता अशासाठी, की ॲम्पच्या आवाजात दोष लपतात.

आधी गिटारचं डोकं वर करून, नेकच्या टोकाकडून ब्रिजकडे बंदुकीचा नेम धरावा तसं पाहिलं. नेक जवळजवळ सरळ हवी, पिळलेली अजिबात नको. अगदी किंचित पुढे वाकलेली चालते, किंबहुना लागतेच. तपासायची युक्ती अशी: सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक धडाला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर पाहा. तार आणि फ्रेटमध्ये जाडसर कागद जाईल एवढी फट हवी.

मग नेकच्या कडेवरून तळवा वर-खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती घासून घ्यावी लागतील. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर हे जास्त बघा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि दुकानात गुळगुळीत वाटलेली टोकं घरी करवतीसारखी लागतात.

ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटवरची उंची, बाराव्या फ्रेटवर बघतात. मोजपट्टी नसेल तर खिशातलं नाणं काढा. हल्लीचा एक रुपया साधारण दीड मिलिमीटर जाड आहे. पहिल्या, बारीक तारेखाली तो जेमतेम सरकला तर उत्तम. सहाव्या तारेखाली थोडी मोकळीक असेल तर हरकत नाही. एकावर एक दोन नाणी मावत असतील तर ॲक्शन उंच आहे. ती खाली आणता येते, पण खाली आणल्यावर तारा खरखरणार नाहीत ना, हे आता कळत नाही. दुकानातच आणून दाखवा म्हणावं.

यानंतरचं काम कंटाळवाणं, आणि सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर. सहा तारा गुणिले एकवीस-बावीस फ्रेट. भाचा दहाव्या मिनिटाला वैतागला. पहिल्या गिटारवर तिसऱ्या तारेच्या तेराव्या फ्रेटला आलो आणि सूर 'टक्' करून मेला. पुन्हा वाजवलं, पुन्हा 'टक्'. चौदाव्या फ्रेटचा एक कोपरा केसभर उचललेला होता, त्यावर तार आपटत होती. दुसऱ्या गिटारला हे काही नव्हतं. दोन्हींची किंमत एकच, वॉरंटी एकच. तो न थांबता रिक्षात बसला असता तर हा मेलेला सूर सहा महिन्यांनी, पहिलं सोलो शिकताना सापडला असता आणि त्याला वाटलं असतं आपलंच बोट चुकतंय.

मग सुरांचा हिशेब. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा सूर, काढा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल, म्हणजे त्या तारेचा टेकू, मागे घ्यावा लागतो. हे स्क्रूचं काम आहे, दोष नव्हे. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर ही चाचणी खोटं बोलते.

खुंट्या फिरवताना नटपाशी 'टिंग' असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की बहुतेक वेळा भागतं. मग तिसरी तार दोन-तीनदा जोरात ओढून वाकवा आणि पुन्हा ट्यूनर पाहा, सूर जागेवरून हललेला नको.

ॲम्प आता लावायचा. पिकअप निवडायच्या स्विचच्या प्रत्येक जागेवर आवाज येतो का, व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवताना खरखर होते का, केबल जॅकमध्ये हलवली तर आवाज तुटतो का, एवढं पाहा. शेवटी पट्टा लावून पाच मिनिटं उभे राहा. लेस पॉलच्या जातीतल्या काही गिटार चार किलोच्या घरात जातात, खांदा तिथेच बोलतो. रंग ठरवायची वेळ ही. भाच्याला दुसरी मिळाली ती काळीच होती, म्हणून तंटा झाला नाही.

तुमच्या गावात असं दुकान नसेल तर ऑनलाइन मागवा, पण खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परत पाठवायची मुदत संपायच्या आत याच चाचण्या घरी करा. भिंतीवर टांगून फोटो काढणं नंतर.

ॲम्प आणि शेजारी

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पन्नास वॉटचा ॲम्प म्हणजे सोसायटीच्या मीटिंगचं आमंत्रण. दहा वॉट भरपूर झाले, आणि हेडफोनची जागा हवीच. रात्री अकरानंतर तीच उपयोगी पडते. पैसे अगदीच कमी असतील तर गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा अंगठ्याएवढा हेडफोन ॲम्प मिळतो, व्हॉक्सचा ॲम्पप्लग किंवा तसले दुसरे. हेडफोन वायरचेच घ्या. साध्या ब्लूटूथवर सूर बोटाच्या मागून येतो आणि ताल पार बिघडतो.

गिटार होम थिएटरला किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावू नका. आवाज येतो, पण गोधडीतून आल्यासारखा. पिकअपला वेगळ्या प्रकारचं इनपुट लागतं.

ॲम्पची घुंई तारांना हात लावल्यावर कमी झाली तर काळजी नाही, ते तसंच असतं. हाताला मुंग्या आल्या किंवा झिणझिणलं तर मात्र ताबडतोब प्लग काढा. जुन्या वाड्यात, चाळीत तीन भोकांचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोन पिनांचं ॲडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका, यात जीव जातो.

जुनी घ्यायची असेल तर

जुनी गिटार हा माझ्या मते या बजेटमधला सर्वांत चांगला सौदा आहे. हौसेने घेतलेल्या आणि तीन महिन्यांत माळ्यावर गेलेल्या गिटार प्रत्येक शहरात आहेत. वरच्या सगळ्या चाचण्या करा आणि तीन गोष्टी जास्तीच्या: पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खळगे पाडलेत का, ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा, नट फिरतो का, आणि मालकाने स्वतः सोल्डरिंग केलंय का. डोक्यावर थेट फेंडर किंवा गिब्सन लिहिलेली गिटार वीस हजारांत मिळत असेल तर ती बहुधा त्या ब्रँडची नसते.

"मी आर्मीत आहे, बदली झाली, पैसे पाठवा, गिटार कुरियरने येईल" असा मेसेज आला तर सोडून द्या. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. प्रत्यक्ष भेटा, वाजवा, मग पैसे.

सेटअप

तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवून सूर खुलवतो, त्याच जातीचं हे काम आहे. फक्त उलट्या अंगाचं: तिथे गुंजणारी तार हवी असते, इथे फ्रेटवर कुरकुरणारी तार नको असते. नव्या गिटारच्या तारा, नेकची वाकण, ॲक्शन आणि सॅडल हे सगळं एकदा जाणकाराकडून बसवून घ्या. कोणाकडे जायचं हे तुमच्या क्लासच्या सरांना किंवा गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला विचारा, त्यांच्या गिटार कुठेतरी जातातच. काम चालू असताना शेजारी बसायची परवानगी मागा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, हे मी असं बसूनच शिकलो.

किरकोळ दुरुस्ती घरी जमते. बटणांची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. तो, आणि सैल झालेला जॅक बदलायचा असेल तर नवा जॅक, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. जॅक साधा पाव इंचाचा मोनो मागायचा.

पावसाळा आणि तारा

कोकण, गोवा, मुंबईत जून ते सप्टेंबर तारा बघता बघता गंजतात. वाजवून झालं की जुन्या सुती कपड्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यातल्या चालतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात गिटार ठेवू नका, पट्ट्यावर बुरशी येते. नेक हवेबरोबर थोडी हलते, म्हणून ऑगस्टमध्ये ॲक्शन बदललीशी वाटली तर घाबरू नका आणि लगेच पानाही उचलू नका.

रोज वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी तारा बदला. पहिल्यांदा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. कुठली तार कुठून जाते, खुंटीला किती वेढे आहेत, हे शेजारच्या तारेवर बघता येतं. नवी तार लावल्यावर हाताने हलकेच ओढून ताणा, पुन्हा सुरात आणा, असं तीन-चारदा. उरलेली टोकं खुंटीजवळ कापून टाका आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. पहिल्या तारेचं टोक सुईसारखं असतं. भाच्याच्या घरी ते ताईच्या पायात गेलं आणि गिटार दोन दिवस गॅलरीत राहिली.